विनापरवाना गायधनी

गायधनी अण्णांकडे पहिल्यांदा चहा प्यायलो, तेव्हा त्याआधी मला एका कागदावर सही करावी लागली होती.

चेष्टा नाही. कुवेतला रिग्गईच्या त्या इमारतीत मी नुकताच बिऱ्हाड घेऊन आलो होतो. समोरच्या दारावर मराठी पाटी दिसली म्हणून बेल वाजवली. दार उघडलं ते एका बुटक्या, ताठ गृहस्थांनी. घरातसुद्धा पायात सेफ्टी शूज. "या, बसा, चहा करतो," म्हणाले आणि केला मात्र नाही. कारण चहाच्या किटलीचा प्लग एका लाल प्लॅस्टिकच्या डबीत बंद होता, डबीला कुलूप होतं आणि कुलपाला टॅग लटकत होता: 'धोका! चालू करू नये. म. द. गायधनी.' आदल्या दिवशी किटली गळत होती म्हणून अण्णांनी ती उघडून वायसर बदललं होतं. काम संपलं होतं, पण कामाचं परमिट बंद झालं नव्हतं. ते बंद करायला दुसऱ्या माणसाची सही लागते, आणि घरात दुसरं माणूसच नव्हतं.

"तुम्ही आलात ते बरं झालं," असं म्हणून त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला. "इथं. 'काम तपासले, जागा साफ आहे.' पण आधी किटलीत डोकावून बघा. न बघता सही करायची नाही."

मी डोकावलो. सही केली. मग त्यांनी गळ्यातल्या दोरीची किल्ली काढून कुलूप उघडलं आणि आम्हाला चहा मिळाला.

मी सलीम परकार, दापोलीचा. खैतानला एका टायपिंग ऑफिसात बसतो आणि लोकांचे अर्ज भरतो. इकाम्याचे, म्हणजे इथं राहण्याच्या परवान्याचे, व्हिसाचे, लायसनचे. माणसाला काय पाहिजे ते ऐकायचं आणि खिडकीपलीकडच्या साहेबाला काय वाचायला आवडेल ते टाइप करायचं, हा माझा धंदा. कागदापायी वेडी झालेली माणसं मी रोज पाहतो. पण ती बिचारी नाइलाजानं वेडी झालेली असतात. अण्णा हौसेनं झाले होते.

म्हणजे सुरुवात पोटासाठीच झाली होती. नाशिकचा हा इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेला माणूस एकतीस वर्षांपूर्वी इथं आला आणि तेलाच्या साइटवर एका ठेकेदाराकडे परमिट देण्याच्या कामाला लागला. तिथं परमिटशिवाय कुणी साधा नट फिरवत नाही. शिवाय विजेचं काम असलं की प्रत्येकाला स्वतःचं कुलूप, त्यावर स्वतःचं नाव. एका मोटरवर दहा माणसं काम करत असतील तर तिच्या स्विचवर दहा कुलपं. ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं. शेवटचं कुलूप निघेपर्यंत वीज चालू होत नाही, मग साक्षात मालक येऊन उभा राहो.

"हे सगळं घरी कशाला आणता, अण्णा?" मी एकदा विचारलं होतं.

"नाशिकला पहिल्या नोकरीत असताना एकानं न विचारता स्विच टाकला," ते म्हणाले. "माझ्या दोस्ताचा हात आत होता. तेव्हा कुलपं नव्हती ना. तो हात मी बघितलाय, परकार." एवढं बोलून त्यांनी मला मिक्सरचं परमिट दाखवायला घेतलं. हा विषय त्यांनी पुन्हा कधी काढला नाही.

'लेखी आहे का?' हा त्यांचा सगळ्यावर उतारा. रेहानानं, माझ्या बायकोनं, बिर्याणी पाठवली तर डब्यात मीठ किती हे लेखी हवं. डॉक्टर म्हणाला बीपी आहे, तर 'लेखी द्या.' इमारतीतली पोरं त्यांना परमिट अंकल म्हणत, आणि माझी मुलगी, जी माझ्याशीही इंग्रजीतच बोलते, ती त्यांना बघून लिफ्टऐवजी जिना धरायची. लिफ्टमध्ये ते क्षमतेची पाटी मोठ्यानं वाचून डोकी मोजत.

त्यांच्या बाल्कनीत एक सॉकेट होतं, पावसापाण्याचं झाकण असलेलं. त्या झाकणालाही एक कुलूप होतं, छोटं, पिवळं. त्याच्या टॅगवरची अक्षरं उन्हानं पार उडून गेली होती. मी एकदा सहज विचारलं, हे काय?

"दुसऱ्याचं आहे," अण्णा म्हणाले. "आपण हात लावायचा नाही."

एकट्या माणसाच्या बाल्कनीत दुसऱ्याचं कुलूप कुठून आलं, हे मी विचारलं नाही. अण्णांना प्रश्न विचारला की उत्तर दोन प्रतींत मिळतं आणि आपल्याला सही करावी लागते.

एकटे म्हणजे तसे एकटे नव्हते. शैलावहिनी होत्या, पण अमेरिकेत. मुलगा निखिल तिथं युटा नावाच्या राज्यात कॉम्प्युटरच्या नोकरीत आहे. सुनेच्या पहिल्या बाळंतपणाला वहिनी गेल्या त्या सहा महिने राहिल्या, नाशिकला येऊन महिनाभर घर झाडलं आणि दुसऱ्या बाळंतपणाला परत गेल्या. बाळंतपणाला आजी लागते. आजोबा लागतात असं कुणी कुठं लिहिलेलं नाही, आणि अण्णांचा तर लेखीवर विश्वास. निखिल दर फोनला 'बाबा, या ना एकदा,' म्हणायचा. अण्णा 'बघू' म्हणायचे. फोन ठेवल्यावर मला म्हणायचे, "कामाशिवाय कुणाच्या घरी जाऊन काय बसायचं?"

"कुणाच्या म्हणजे? मुलगा आहे तुमचा."

"मुलगा आहे. घर त्याचं आहे ना."

अशात एक दिवस अण्णा धापा टाकत माझ्या ऑफिसात आले. आधी सही घेतल्याशिवाय न बोलणारा माणूस, त्यानं रांगेतल्या चार माणसांना ओलांडून मोबाइल माझ्या नाकासमोर धरला. "प्रिंट काढा. सगळी पानं. आत्ता."

तो युटाचा कायदा होता. तिथल्या रहिवाशांनी बाल्कनीत छोटं सोलर पॅनेल लावायचं आणि त्याची वायर घरातल्या साध्या सॉकेटमध्ये खोचायची, झालं. बाराशे वॅटपर्यंत वीजकंपनीशी करार नको, मंजुरी नको, फी नको. इतर राज्यंही मागोमाग तसेच कायदे करायच्या खटपटीत होती म्हणे. अण्णांनी माझ्या टेबलावरचं लाल पेन उचललं आणि उभ्या उभ्या एकेका ओळीखाली रेघ मारायला सुरुवात केली.

"वाचा, परकार. परवानगी नको! विनापरवाना! आणि हे लेखी दिलंय त्यांनी." त्यांचे डोळे चक्क भरून आले होते. एकतीस वर्षं ज्यानं लोकांना परवाने दिले, त्याला परवाना नसण्याचं एवढं अप्रूप वाटेल असं मला वाटलं नव्हतं. रांगेतला एक ड्रायव्हर मला म्हणाला, "इनका काम पहले कर दो भाई, तबियत ठीक नहीं लगती."

लाल रेघांसकट ती पानं स्कॅन करून त्यांनी निखिलला पाठवली. निखिलकडून मोबाइलवर नुसता अंगठा आला. तेवढ्यावर अण्णांनी सगळं ठरवून टाकलं.

"त्याच्या बाल्कनीत पॅनेल मी बसवणार," ते संध्याकाळी मला म्हणाले. "शैला गेली, तिला तिथं काम होतं. मला काय होतं? आता आहे. विजेचं काम आहे. जातो, बसवतो, महिनाभर चालवून दाखवतो. डिसेंबरात साठ पूर्ण होतात, डिग्री नाही, म्हणजे इथला इकामा पुढं ओढणं मुश्किलच. नाशिकला एकटा जाऊन बसण्याआधी एवढं एक काम करतो."

बाप म्हणून जायला हा माणूस लाजत होता, वायरमन म्हणून जायला तयार होता. मला त्यांचा राग आला, आणि हसूही आलं. मी हसलो, कारण ते सोपं होतं.

पण करायचं ते रीतसर. म्हणजे आधी इथं ट्रायल. आता कुवेतमध्ये घरावर सोलर लावून घेणं म्हणजे किती शहाणपणाचं ते बघा. वीज जवळजवळ फुकट, आणि आमच्या इमारतीत तर बिल मालक भरतो. अण्णा त्या पॅनेलमधून जी वीज बनवणार, ती भिंतीतल्या सॉकेटमधून मालकाच्याच लाइनीत जाणार. चोरून वीज घेणारे मी पुष्कळ पाहिलेत. चोरून वीज देणारा हा पहिलाच.

चोरूनच, कारण बाल्कनीत काही मांडायला आमच्या इमारतीत बंदी आहे. हारिस अबू महमूद, म्हणजे आमचा मिसरी रखवालदार, टॉवेल वाळत घातलेला दिसला तरी खालून 'मम्नूअ! मम्नूअ!' ओरडतो. मम्नूअ म्हणजे बंदी. हा शब्द इथं आलेल्या माणसाला पाण्याच्या आधी शिकावा लागतो. अण्णांनी शुक्रवारच्या बाजारातून एक जुनं पॅनेल आणलं, चीनहून डबीएवढा इन्व्हर्टर मागवला आणि पॅनेलला चार पाय लावून त्याचं टेबल केलं. अबू महमूद तपासणीला आला की त्यावर फुलाफुलांचं मेणकापड पडायचं.

"एह दा?" अबू महमूदनं पहिल्या दिवशी विचारलं. हे काय?

"टेबल," अण्णा म्हणाले. खोटं बोलताना त्यांचा आवाज चिरकतो. ते सावरायला त्यांनी लगोलग चहा आणला.

झालं. अबू महमूदला ती जागा आवडली. अण्णांच्या प्रत्येक सुट्टीला दहाच्या सुमारास तो वर येऊन भर उन्हात त्या टेबलावर चहा पिऊ लागला, आणि अण्णा समोर बसून, मांडीवर लपवून धरलेल्या मोबाइलवर आपले वॅट शून्यावर गेलेले बघत 'तफद्दल, तफद्दल', म्हणजे घ्या, घ्या, करत त्याला बिस्किटं देऊ लागले.

युटातल्या बाल्कनीची मापं हवी होती. निखिलकडे टेप नव्हती, किंवा टेप शोधायला वेळ नव्हता. शेवटी शैलावहिनींनी व्हिडिओ कॉलवर कठडा वितीनं मोजून दिला. पावणेआठ विती. अण्णांनी वहिनींची वीत आठवून तिचे सेंटिमीटर केले. "लग्नात बांगड्यांचं माप दिलं होतं ना," ते मला म्हणाले, आणि त्या हिशेबानं प्लायवूडचा अगदी तसाच कठडा बनवून हॉलमध्ये उभा केला. त्यावर पॅनेलचे पट्टे आवळायचा सराव ते रोज ड्युटीवरून आल्यावर करत. हातात घड्याळ घेऊन मी बसायचो.

वायर मात्र त्यांनी बाल्कनीतल्या सॉकेटला लावली नाही. ते हाताच्या अंतरावर होतं, पण त्याला ते पिवळं कुलूप. मग स्वयंपाकघराच्या खिडकीतून, फ्रिजच्या मागून, लांबच लांब वायर फिरवून आणली.

"अण्णा, ते एवढंसं कुलूप तोडा की."

"ज्याचं कुलूप त्यानंच काढायचं," म्हणाले आणि वायरीला चिकटपट्टी मारत राहिले.

जुलैत एका दुपारी वीज गेली. उन्हाळ्यात मागणी फार वाढली की आता इथंही तास-दोन तास जाते. एसी बंद पडल्यावर त्या उन्हात घर म्हणजे भट्टी. मला अण्णांची आठवण झाली. मी, रेहाना आणि खालच्या मजल्यावरचं मल्याळी कुटुंब असे सगळे मोठ्या आशेनं अण्णांच्या दारात. अण्णा घामानं निथळत अंधाऱ्या हॉलमध्ये बसले होते. पंखा बंद.

"हे पॅनेल बंद का?" मी ओरडलोच.

"लाइन गेली की तेही आपोआप बंद होतं," ते अभिमानानं म्हणाले. "व्हायलाच पाहिजे! समजा बाहेर लाइनवर माणूस काम करतोय. त्याला वाटतंय वीज बंद आहे. आणि इकडून माझं पॅनेल लाइनीत वीज सोडतंय. मरेल ना तो!"

रेहाना मला दारातच म्हणाली, "एवढा मोठा तो आरसा उन्हात घातलाय, आनि पंखा पन फिरत नाय?" मल्याळी कुटुंब खाली गेलं. उरलेला उन्हाळाभर इमारतीत त्यांच्यावर विनोद झाले, त्यातले दोन माझे होते. कुठल्यातरी न बघितलेल्या लाइनमनच्या काळजीनं हा माणूस उकाड्यात बसला होता, हे मला त्या दिवशी दिसायला हवं होतं. दिसलं नाही.

ऑगस्टमध्ये ट्रायल 'पास' झाली. अण्णा अमेरिकेच्या व्हिसासाठी निखिलच्या नावचं आमंत्रणपत्र टाइप करून घ्यायला माझ्याकडे आले. मजकूर त्यांनीच लिहून आणला होता. 'माझे वडील श्री. मधुकर गायधनी यांना माझ्या घरी सोलर पॅनेल बसवण्याच्या कामासाठी बोलावण्यात येत आहे.'

मी डोक्याला हात लावला. "अण्णा, कामासाठी येतोय असं लिहिलंत तर व्हिसा राहिला बाजूला, तुम्हाला खिडकीतूनच परत पाठवतील. पाहुण्याच्या व्हिसावर काम करता येत नाही. 'मुलाला आणि नातवंडांना भेटण्यासाठी' लिहा."

"नुसतं भेटण्यासाठी?"

"हो."

"हे कारण चालतं?"

"सगळ्यात जास्त तेच चालतं."

त्यांनी आपल्या कागदावरची ओळ खोडली. "पण निखिलला खरं कारण माहीत पाहिजे," म्हणाले. शेवटी पत्रात भेटीचं कारण आणि सोबत निखिलसाठी वेगळा कागद, त्यावर कामाचे टप्पे. मी दोन्ही टाइप केलं. निखिलनं सही करून पाठवायचं एवढंच बाकी होतं.

तीन आठवडे काही आलं नाही. अण्णा रोज विचारायचे, ऑफिसच्या मेलवर आलंय का. मी नाही म्हणायचो. मग एका शनिवारी निखिलचा निरोप आला, संध्याकाळी कॉल करतो, एक गंमत आहे. अण्णांनी मला साक्षीदार म्हणून बोलावलं. प्लायवूडचा कठडा पुसून मधोमध ठेवला होता, कामाच्या टप्प्यांचा कागद समोर, आणि अंगावर इस्त्रीचा शर्ट.

निखिल हसरा, सरळ मुलगा. त्याच्याबद्दल वाईट बोलायला मला फार आवडलं असतं, पण तशी काही सोय नाही. "बाबा, सरप्राइज!" म्हणत त्यानं कॅमेरा फिरवला. बाल्कनीच्या कठड्याला पॅनेल लावलेलं होतं. काळं, नवंकोरं.

अण्णांनी वाकून पडद्यावरचे पट्टे न्याहाळले. मग म्हणाले, "कुणी बसवलं?"

"आईनं!"

शैलावहिनी कडेवर नात घेऊन पडद्यावर आल्या. त्या इतक्या खूश होत्या की मला बघवेना. "अहो, काही नसतं त्यात! खोकं उघडलं, चार पट्टे आवळले, प्लग खोचला. कुकर लावायला जास्त वेळ लागतो."

"टेस्ट कुणी केलं?"

"बाबा, रिलॅक्स," निखिल म्हणाला. "तुम्हीच तर पाठवलं होतंत सगळं, लाल रेघा मारून. नो परमिट, नो इलेक्ट्रिशियन. कुणाला बोलवायचीच गरज नाही, तोच तर पॉइंट आहे ना त्या कायद्याचा? थँक्स, बाबा. तुमच्यामुळे कळलं."

मी अण्णांकडे बघितलं. एवढी पानं त्यांनी वाचली होती, ओळन् ओळ लाल केली होती. पण जिथं वीज तिथं जाणकार माणूस लागणारच, हे त्यांच्या इतकं हाडीमांसी भिनलं होतं की तो माणूसच आता नको, असं लिहिलेलं त्यांना दिसलं नव्हतं. एकतीस वर्षं साइटवर काढलेल्या माणसाखेरीज ही चूक दुसरं कोण करणार?

"पट्टे घट्ट आहेत ना?" त्यांनी विचारलं.

"हो, बाबा."

"वारा असतो का तिकडं?"

"बाबा..."

"छान. छान झालं. वॅट किती देतंय?"

निखिलनं आकडा सांगितला. अण्णांनी तो समोरच्या कागदावर लिहून घेतला. का, कुणास ठाऊक.

"आणि ते लेटर बघितलं मी," निखिल म्हणाला. "आता घाई नाही ना? पुढच्या वर्षी या, निवांत."

"हो हो. निवांत." मग अण्णा खुर्चीत थोडे पुढं सरकले. "निखिल, ते बाल्कनीतलं पिवळं कुलूप. त्याची किल्ली आहे ना तुझ्याकडं?"

"कुठलं कुलूप?"

"तुझं. सॉकेटवरचं."

निखिल जोरात हसला. "ओ गॉड, बाबा, ते अजून आहे? किल्ली केव्हाच हरवली. तोडून टाका ना!"

नात रडायला लागली, वहिनी तिला घेऊन आत गेल्या, आणि कॉल संपला. अण्णांनी प्लायवूडच्या कठड्यावरचं मोबाइलचं स्टँड काढलं आणि मला म्हणाले, "चहा घेणार?" मी नको म्हटलं आणि पळालो. पळालोच म्हणायचं.

दुसऱ्या दिवशी ते टेबल खाली अबू महमूदच्या खोलीबाहेर गेलं होतं. इन्व्हर्टर काढून टाकला होता. आता तो त्यावर बिनधास्त चहा पितो, आणि खाली काय आहे ते त्याला अजून माहीत नाही.

चार दिवसांनी अण्णा ऑफिसात आले. या वेळी रांगेत उभे राहिले. नंबर आल्यावर हातानं लिहिलेला एक कागद पुढं केला. "टाइप करा. दोन प्रती."

साइटवर कधीकधी असं होतं की माणूस आपलं कुलूप लावून निघून जातो, आणि ते तोडावं लागतं. त्याचा फॉर्म असतो. अण्णांनी तो घरच्यासाठी उतरवून आणला होता. कुलूप कुणाचं: निखिल मधुकर गायधनी. जागा: बाल्कनी, रिग्गई. एक, संबंधित माणूस जागेवर नाही याची खात्री केली आहे. दोन, त्याच्याशी संपर्क साधला आहे. तीन, तो परत आल्यावर, त्यानं काम सुरू करण्याआधी, त्याचं कुलूप काढलं आहे हे त्याला सांगणं बंधनकारक आहे. खाली दोन सह्यांची जागा.

माझ्या हातून त्या टेबलावरून हजारो फॉर्म गेले असतील. हा एक टाइप करताना माझी बोटं दोनदा चुकली.

शुक्रवारी सकाळी आम्ही बाल्कनीत उभे राहिलो. अण्णांनी लोखंड कापायची छोटी करवत आणली होती. मी म्हटलं, द्या, मी कापतो. ते म्हणाले, "नाही. जबाबदारी माझी आहे." हळूहळू, खाली रस्त्याकडे बघत बघत त्यांनी ते कापलं. एवढंसं कुलूप, पण बराच वेळ लागला. मग झाकण उघडलं.

आत सॉकेट नव्हतंच. चिकटपट्टी गुंडाळलेली दोन वायरची टोकं होती, बस्स.

"अण्णा, यात करंटच नाही!"

"नाहीच. जोडायचं राहिलंय." ते आत बघत होते. "निखिल तेरा वर्षांपूर्वी इथून अमेरिकेला शिकायला गेला ना, त्याच्या आदल्या आठवड्यात आम्ही दोघं हे करत होतो. मी त्याला त्याच्या नावाचं कुलूप आणलं होतं साइटवरून. आतला भाग आणायचा राहिला. म्हणाला, बाबा, सुट्टीत येतो तेव्हा आपण जोडू. मी माझं कुलूप काढलं. त्याचं ठेवलं."

"मग आला नाही?"

"आला ना. दोनदा आला, लग्नाआधी. घाईत होता."

तेरा वर्षं. तेरा उन्हाळे हा माणूस वीज नसलेल्या एका भोकावर पहारा देत होता. काम अपुरं आहे, म्हणजे मुलगा यायचा आहे, असा तो हिशेब. मला निखिलचा भयंकर राग आला, आणि मग लक्षात आलं की दापोलीत माझे अब्बा आहेत आणि त्यांच्या अंगणातल्या दिव्याचं बटण मी पुढच्या खेपेला नीट करणार आहे, गेली सहा वर्षं.

अण्णांनी झाकण लावलं, कुलपाचे दोन तुकडे खिशात घातले आणि फॉर्म माझ्यापुढे धरला. त्यांची सही झाली होती.

"तिसरं कलम तुमच्याकडं राहील," ते म्हणाले. "डिसेंबरात मी नाशिकला जाईन. तो कधी इथं आला तर त्याला सांगायचं. कुलूप काढलंय म्हणावं, आता जपून. एकदम हात घालू नको."

बाप नाशिकला गेल्यावर निखिल कुवेतला कशाला येईल, हे मला माहीत होतं आणि त्यांनाही. मी पेन काढलं.

"नीट बघितलं ना आत?" त्यांनी विचारलं. "न बघता सही करायची नाही."

"बघितलं, अण्णा," मी म्हटलं आणि सही केली.